सामानाची खोली

विहाराच्या अभ्यासिकेत गेलो की माझी मान आपोआप वर जाते. छताला एक हूक आहे, रिकामा. तो काढून टाका असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी सागवानाची विमानं कोरायला लागलो. वेड अमेरिकेच्या जुन्या बॉम्बर विमानांचं. महायुद्धातलं चार इंजिनांचं बी-२९, मग मागे ओढलेल्या पंखांचं बी-४७, मग आठ इंजिनांचं बी-५२. दहा-बारा वर्षांत माणसाची अक्कल कुठून कुठे गेली, हे बघून मी हरखून जायचो. बायको म्हणायची, पेन्शन लाकडाच्या भुशात चालली.

बी-२९ चार महिने घासलं, चंदेरी रंग दिला आणि अड्याळच्या आमच्या विहारात टांगलं. पोरं जमली की मी सुरू व्हायचो. इतक्या उंचावर श्वास घ्यायला हवा पुरत नाही, म्हणून आतल्या खोल्यांत हवेचा दाब राखलेला. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत रांगत जायला वरून एक बोगदा. पोरं विचारायची, बोगद्याखाली काय?

"सामानाची खोली," मी म्हणायचो आणि पंखांकडे वळायचो.

लाज वाटायची म्हणून नाही. बॉम्बचा विषय निघाला की माझं सुंदर विमान बाजूला पडेल, एवढीच भीती. स्वार्थीच होतो मी.

पवनीकडचा स्तूप बघायला जपानचे उपासक येतात. मागच्या हिवाळ्यात त्यांतले चौघं आमच्या विहारात यायचे ठरले. महिला मंडळाने सत्काराची तयारी केली. शाल-पुष्पगुच्छ सगळेच देतात, आपल्या गावच्या हातचं काहीतरी द्यावं, असं त्यांच्यात ठरलं. मला अचंबित करायचं म्हणून सांगितलं नाही. मी मागे खुर्च्या लावत होतो. समोर आलो तेव्हा माझी बायको पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी पाहुण्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात ठेवत होती. कापडातून चंदेरी शेपूट बाहेर आलं होतं.

त्यांनी कापड काढलं. विमान उलटं केलं आणि पोटावर कोरलेल्या बंद दारांवरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाले. दुभाष्याने हिंदीत सांगितलं, "कह रहे हैं, बचपन में नीचे से देखा था. बिल्कुल ऐसा ही. बस, ये दरवाज़े खुले रहते थे."

बायकांना वाटलं, कामाची तारीफ झाली. टाळ्या पडल्या. मला पुढे ढकललं गेलं. "यायनं बनवलं जी, आमच्या सरनं."

गप्प राहता आलं असतं. विमान गाडीत बसून गेलं असतं आणि गावात माझा मान वाढला असता. पण त्या म्हाताऱ्याने विमान दोन्ही हातांत धरून मला वाकून नमस्कार केला आणि मला ते सहन झालं नाही. मी हात पुढे करून म्हणालो, "ते मले वापस द्या."

"देलेलं वापस मांगता?" बायको चिडली. "काहून?"

"यायच्या देशावर याच विमानानं बॉम्ब टाकले. शहरंच्या शहरं जाळली. ते दोन मोठे बॉम्बबी यानंच नेले."

दुभाष्याने हे जपानीत सांगितलं नाही. म्हाताऱ्याने बहुधा माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्यांनी विमान माझ्या हातात ठेवलं, कापडाची नीट घडी केली आणि तीही वर ठेवली.

पाहुणे गेल्यावर बायको माझ्याशेजारी खुर्चीवर बसली. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुमाले आंधीपासून मालूम होतं?"

"हो."

"अन् पोरायले काय सांगतलं होतं?"

"सामानाची खोली."