बिननावाचं सुतक

आमच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताई खुर्चीवर क्वचितच बसतात. समोरची बाई जमिनीवर टेकली की त्याही शेजारी मांडी घालतात. मी तिथं नर्स आहे.

एकदा राणीसावरगावकडची एक ऊसतोड करणारी बाई आली. तिची तान्ही मुलगी फडावरच गेली होती. तेव्हापासून ती रडलीच नव्हती.

"सासू म्हणती, बारसं न्हाई झालं, नाव न्हाई, मग सुतक कशाचं? रडू नको."

ताईंनी सासूला दोष दिला नाही. "नाव तर आत्या ठेवती," त्या म्हणाल्या. "मला नणंद समज. काय ठेवायचं होतं? सांग कानात."

ती वाकली, काहीतरी पुटपुटली आणि तिनं हंबरडा फोडला.

नंतर मी ते नाव विचारलं. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "घरच्यांतच राहू द्या, सिस्टर."