अंड्याचा वास

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. म्हणजे अर्धी आता घरात सांगितली जाते, चारचौघांत, हसून. उरलेली अर्धी मी कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता राहिली नाही.

विषय तसा फालतू आहे. टॉन्सिलच्या खाचेत अन्नाचे कण, थुंकी आणि आणखी काय काय साचतं आणि त्याचा ज्वारीच्या कणीएवढा पिवळट खडा होतो. तो दुखत नाही, त्याने ताप येत नाही, माणूस मरत नाही. नुसता वास येतो. एवढ्याशा गोष्टीवर म्हाताऱ्याने कागद खराब करू नयेत असं कुणीही म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगत आलो.

आमचं गाव उमापूरच्या बाजूला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी माळ घातली, मेंढरं विकली, शेती धरली. मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. माळकऱ्याच्या घरात मटण, अंडं, दारू यांचं नाव निघत नाही, आणि या गोष्टीचा मला देवापेक्षा जास्त अभिमान होता. हे आज लिहितो आहे. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढला असता.

थोरल्यासाठी मुलगी केली ती धारूरच्या डोंगरातली. समाज एकच, पण त्यांच्या घरी मेंढरं अजून होती आणि मटणही शिजत होतं. सुपारी फोडताना मी तिच्या वडिलांना अट घातली. तो भला माणूस हसला.

"पावनं, पोरगी तुमची झाली म्हंजी तिचं त्वांड बी तुमचंच झालं की."

तिने ती अट माझ्यापेक्षा कडक पाळली. माहेरी गेली तरी ती दूध-भाकरीच खायची. तिची आई त्याची तक्रार करायची.

लग्नाला वर्ष होऊन गेलं असेल. जेवताना भाकरीचा घास गिळला आणि घशाच्या मागून नासक्या अंड्याचा भपका नाकात चढला. तो वास मला लहानपणापासून ठाऊक होता. खुराड्यात फुटलेलं अंडं कुठल्या पोराने हुंगलेलं नसतं? मी ताट सरकवलं.

"ह्या तव्यावर काय केलतं?"

"भाकरीच केल्यात, मामा," सून म्हणाली.

"मग अंड्याचा वास कावून येतोय?"

बायकोने तुकडा नाकाला लावला. "आवं, मला तर काय बी येत न्हाई."

"तुला काय येतंय? तपकीर वढून वढून नाक गेलंय तुझं."

 सुनेने तवा उचलला आणि बाहेर नेऊन राखेने घासला. तिचं ते गप्प राहणंच मला पुरावा वाटलं.

वास दोन-चार दिवस जायचा आणि पुन्हा यायचा. शेजारच्या घरी कोंबड्या होत्या. तिथल्या सुनेकडे आमची सून दुपारी शिवण शिकायला जायची. माझ्या डोक्यात हिशेब जुळला. मुलगा तेव्हा अंबाजोगाईला औषधाच्या दुकानात कामाला होता, आठवड्याला एकदा यायचा. त्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, "दादा, ती असं करणार न्हाई." मी म्हणालो, "तू घरी आसतोस का?" तो गप्प झाला. आमच्या घरात माझ्यासमोर गप्प होण्याची सगळ्यांनाच सवय होती. ती सवय मीच लावली होती.

त्या वर्षी गावच्या सप्ताहात महाप्रसादाचं काम माझ्याकडे होतं. मंदिरामागे बायका पोळ्या लाटत होत्या, त्यांत ती होती. मी तिथे जाऊन, सगळ्यांदेखत म्हणालो, "तू ऊठ. तुझ्या हाताचं देवाला चालायचं न्हाई."

ती उठली. हात कणकेने भरलेले होते. ते कुठे धुवावेत हेही तिला कळेना. तशीच हात पुढे धरून ती मंदिरापासून घरापर्यंत चालत गेली. गावाने पाहिलं.

संध्याकाळी मी घरी आलो तर ती देवघरासमोर उभी होती. आमच्या देव्हाऱ्यात बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, असतो. तो हातात घेऊन बोललेलं खोटं निघालं तर देव सोडत नाही, असं आम्ही मानतो. ती म्हणाली, "मामा, भंडारा द्या. मी उचलते."

बायको म्हणाली, "आगं, असं करू ने. जाऊ दे."

"न्हाई आत्याबाई. गावासमोर उठवलंय मला."

मी भंडारा तिच्या तळहातावर ठेवला. अडवता आलं असतं, पण मला तिची परीक्षा पाहायची होती. तिने तो कपाळाला लावला. "ह्या घरात आल्यापासून मी अंडं शिवलं बी न्हाई. खोटं बोलत आसंन तर माझी कूस उजवू ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला आणि तोच वास आला. मी बायकोला म्हणालो, "खोटा उचलला तिनं." पुढे हे गावभर झालं. बायकोने कुणाला सांगितलं असेल, किंवा मीच पारावर बोललो असेन. बहुतेक मीच.

पंचमीला ती माहेरी गेली. स्वयंपाक बायकोकडे आला आणि वास काही जाईना. मी तव्याला दोष दिला, नवीन तवा आणवला. मग एका सकाळी दात घासताना ब्रश जरा आत गेला, ठसका लागला आणि जिभेवर काहीतरी आलं. तळहातावर घेतलं. दाळीच्या चुऱ्यासारखं दिसत होतं. बोटांत चिरडलं मात्र, तोच वास आला. खुराड्यातला, तव्यावरचा, पोळ्यांचा, भंडाऱ्याचा, सगळा वास माझ्या दोन बोटांत होता.

मी हात राखेने घासला, मग साबणाने. दुपारी भाकरी खाल्ली, ती स्वच्छ लागली. संध्याकाळी पारावर माझा जुना जोडीदार शेजारी येऊन बसला. आम्ही लहानपणी आजोबांच्या मेंढरांमागे एकत्र हिंडलेलो.

"काय बे मास्तर, आज त्वांडाला वास न्हाई तुझ्या. काय केलंस?"

"म्हंजे रोज येतो?"

"लई दिस झाले. बोलताना मी तोंड फिरवून बसतो, दिसत न्हाई का तुला? मला वाटलं तुला म्हाईत हाय."

त्याच रात्री मला सगळं कळून चुकलं होतं. सकाळची एसटी धरून धारूरला जायला हवं होतं. मी गेलो नाही. ती आल्यावर सांगू, असं ठरवलं. ती आली तेव्हा तिला दिवस गेले होते. घरात आनंद होता. मी म्हटलं, आता कशाला जुनं उकरायचं, लेकरू झालं की लोक आपोआप विसरतील. खरं कारण वेगळं होतं. सुनेला सांगितलं असतं तर गावालाही सांगावं लागलं असतं. सप्ताहात उठवलेल्या बाईला सप्ताहातच परत बसवावं लागलं असतं. मास्तरच्या तोंडाला वास येतो हे पोरं शाळेच्या भिंतीवर लिहितील, याची मला भीती होती.

चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं.

गल्लीतल्या बायका जमल्या. मी ओसरीवर बाजेवर बसलो होतो. आतून एकीचा आवाज आला, "भंडारा सोडतो का बाई कुणाला?" कुणी तिला गप्प केलं नाही. मग सुनेचा आवाज आला, अगदी बारीक: "आत्याबाई, मी खोटं न्हाई बोलले वो." तेच वाक्य तिने पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. बायको दारात येऊन माझ्याकडे बघू लागली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच: "डॉक्टरला बोलवा कुणीतरी."

मुलाने तिला अंबाजोगाईला नेलं, तिथे खोली केली. पुढे तिला दोन लेकरं झाली, देवाच्या दयेने धडधाकट. पण गावी आली की ती आमच्या चुलीकडे जायची नाही. अंगणात बसून भाजी निवडायची, शेंगा फोडायची आणि भाकरी बायकोने वाढली तरच घ्यायची. नातवंडं विचारायची, आई आत का येत नाही? बायको पदराला डोळे पुसायची. तिला वाटायचं, सुनेचा राग अजून गेला नाही. मी जेवत असायचो.

खड्यांचं म्हणाल तर ते येतच राहिले. मी त्यांची एक चोरटी व्यवस्था लावून घेतली. कान कोरायच्या कापसाच्या काड्या आणायचो. बायकोला वाटायचं, मास्तरच्या कानात मळ फार होतो. न्हाणीत आरसा, हातात मोबाईलची बॅटरी, तोंड वासून टॉन्सिल खालून दाबायचा. कधी खडा टपकन यायचा, कधी उमासा येऊन डोळ्यांत पाणी यायचं आणि हाती काहीच लागायचं नाही. एकदा रक्त आलं, आठवडाभर गिळता येईना. मग सुई नसलेल्या पिचकारीने कोमट पाणी मारायला शिकलो. दूध, दही कमी केलं. प्रत्येक घासानंतर चूळ भरायची. लोक म्हणायचे, मास्तरांना स्वच्छतेची फार आवड. माणूस एवढी मेहनत एक वास लपवायला करू शकतो, तर एक वाक्य बोलायला का करू शकत नाही, हे मला कळलेलं नाही.

बायको गेल्यावर मुलाने मला अंबाजोगाईला आणलं. दीड वर्षापूर्वी घसा सारखा बोचू लागला. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून सून घेऊन गेली. कान-नाक-घशाची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पट्टीने जीभ दाबली, आत उजेड पाडला आणि चिमट्याने एक खडा काढून पांढऱ्या कापडावर ठेवला.

"काका, हे टॉन्सिलचे खडे. तुमच्या टॉन्सिलला खोल खाचा आहेत, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा होणार. घाबरायचं काही नाही. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, पाणी भरपूर प्या. काडीने टोकरायचं नाही. या वयात ऑपरेशन उगाच नको. किती दिवसांपासून आहे हे?"

सून शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "झालं असंल सहा महिने, वर्ष."

"त्याच्या आधी वास यायचा? नासक्या अंड्यासारखा येतो हा."

सून त्या कापडाकडे वाकलेली होती. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या स्टुलावर बसली.

बाहेर टपरीवर चहा सांगितला. ग्लास हातात धरून ती हसायला लागली. इतकी हसली की टपरीवाला बघायला लागला. "मामा, आवं अंडं तुमच्याच त्वांडात व्हतं की वो!" मग ते हसणं कुठेतरी फुटलं आणि ती पदर तोंडाला लावून रडली.

मी म्हणालो, "पोरी, माझं चुकलं."

"जाऊ द्या. तुमाला तरी काय म्हाईत व्हतं? असल्या गोष्टी डॉक्टरलाच ठाव्या. म्हाईत आसतं तर माझं तसं झाल्यावर तुमी गप बसला आसता का?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला. वडील गेलेले आहेत, त्यांना हे कळायचं राहिलं. "माय, ऐक, मी खोटी न्हवते. मामाच्या घशाचं व्हतं. बिचाऱ्यांचा तरी काय दोष?" मग चुलीवर करतात तशी जाड भाकरी थापून गॅसवर भाजली, माझ्या ताटात वाढली आणि घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली. "येतोय का वास?" मी 'न्हाई' म्हणून मान हलवली. लहान मुलीसारखा तिचा चेहरा उजळला.

आता रोज रात्री ती मला मिठाचं पाणी गरम करून देते. पाहुणे आले की ती गोष्ट सांगते, अंड्याच्या भागावर सगळे हसतात, आणि शेवटी ती न चुकता म्हणते, मामाला म्हाईतच न्हवतं. मी ते गूळपाण्यासारखं गोड मानून ऐकून घेतो. तिने माफ केलं आहे ते एका अडाणी म्हाताऱ्याला. तो म्हातारा मी नाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. ती एकटी असताना स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो आहे. "पोरी," म्हणालो आहे. ती मागे वळून म्हणते, "काय मामा, घसा दुखतोय का?" मी म्हणतो, "हो, जरासा." मग ती पाणी ठेवते. ते खरं कळल्यावर ती पाणी ठेवेल का, ही भीती आहे; आणि ठेवेल, ही भीती त्याहून मोठी आहे. तोंडाने न बोलता आलेलं लिहून काढणं ही पळवाट आहे, हेही मला कळतं.

"माझं चुकलं" हे मी तिला म्हणालो आहे. त्याला काही किंमत नव्हती. म्हणायचं होतं ते असं होतं: पोरी, तू आत रडत होतीस, लोक तुला खोटी ठरवत होते, आणि मी ओसरीवर बसलो होतो, तेव्हा वास माझा आहे हे मला माहीत होतं.