बापाच्या शर्टाचं दुपटं

बॅटरीवाले भाऊ म्हणजे भलता टापटिपीचा माणूस. दिवसभर दुकानातल्या राखाडी धुरळ्यात बुडालेले असायचे, पण घरी आले की हात कोपरापर्यंत घासणार, नखं कोरणार, मगच पाण्याच्या पेल्याला हात लावणार. धंदा घाणेरडा म्हणून माणसानं घाणेरडं राहायचं का, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. आता अशा माणसाच्या घरात विष शिरलं कसं, असं कुणी विचारेल. शिरलं ते या टापटिपीचाच हात धरून.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. खिडकी नाही, मागं एक कुरकुरता पंखा. मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा उपसायच्या, लोखंडी पळीत शिसं वितळवायचं आणि त्याची बॅटरीला नवी टोकं ओतायची, हे काम. संध्याकाळी मळका शर्ट घरात नको, म्हणून भाऊ तो उंबऱ्यातच काढून द्यायचे. घ्यायला लेक हजर. मुलगी गोल चेहऱ्याची आणि गप्पगप्प, बाहुलीसारखी, म्हणून सगळे तिला ठकी म्हणायचे. पण शर्ट हातात आला की ठकीच्या अंगात वारं शिरायचं. खिडकीशी उभी राहून ती दोन्ही हातांनी शर्ट फडाफडा झटकायची. उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचायची, ठकीला शिंकांवर शिंका यायच्या आणि बापलेक पोट धरून हसायचे. रात्री तोच शर्ट उराशी घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे. बाबांचा वास येतो म्हणे. बायको कौतुकानं बघत राहायची.

पुढं भाऊंच्या पोटात कळा यायला लागल्या. मग उजवं मनगट लुळं पडलं, हातातली हातोडी गळून पडायला लागली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की शिसं अंगात भिनलंय, धंदा सोडा. भाऊंनी सोडला. घरी मात्र सांगितलं की शीर दबली आहे. बायकोच्या जिवाला उगाच घोर कशाला, असा शहाणा विचार केला. कसलं डोंबलाचं शहाणपण! दुकान विकलं, घर बदललं, नव्या घरात जुन्या दुकानातला खिळासुद्धा येऊ दिला नाही. झालं, सुटलो, असं त्यांना वाटलं. ठकी शिकली, शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन सासरी गेली.

आता तिला सातवा महिना होता आणि ती विश्रांतीला आईबापांकडे आली होती. चेहरा पांढराफटक, रक्तदाब वाढलेला, पोटात मधूनच कळ. लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळली, पण रक्त काही वाढेना. पोटातल्या कळा ऐकल्या आणि भाऊंना आपल्या जुन्या कळा आठवल्या.

डॉक्टरबाईंनी आणखी तपासण्या केल्या आणि तिघांना समोर बसवलं. ठकीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. ठकी गोंधळून म्हणाली की मी तर पुस्तकं आणि खडू सोडून कशाला हात लावत नाही.

"शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहानपणी अंगात गेलेलं शिसं ते हाडांत जपून ठेवतं, वर्षानुवर्षं. आता बाळाची हाडं घडवायला तुझ्या हाडांतून कॅल्शियम निघतंय. त्याच्याबरोबर तेही निघतं आणि बाळाकडे जातं."

मग त्यांनी बजावलं की हे जुनं की नवं ते मला कळायला हवं, आणि घरात अजून कुठं शिसं असेल तर बाळ यायच्या आत ते बाहेर काढा. कुणाचा काय धंदा होता, असंही विचारलं. भाऊंनी लुळा हात डाव्या हाताखाली झाकला. तेवढ्यात बायकोनंच उत्तर दिलं; विकून टाकलेलं दुकान तिच्या ध्यानातही आलं नाही. म्हणे जावयानं गेल्या वर्षी घराला रंग दिला, तोच बाधला असणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला! घरी येऊन तिनं फोनवर जावयाची चांगली हजेरी घेतली. बिचारा भिंती खरवडून काढतो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको ठकीजवळ काहीतरी उलगडून बसली होती. बाळाचं दुपटं. किती दिवस दुपारची झोप मोडून टाके घालत होती ती. भाऊ कौतुकानं जवळ गेले आणि जागीच थिजले. मधोमध निळं कापड होतं. त्यांचा दुकानातला शर्ट.

"ठकी याच्याशिवाय झोपायची नाही ना, म्हणून मी जपून ठेवला होता," बायको म्हणाली. "धुऊन धुऊन कसा लोण्यासारखा झालाय बघा. खिसापण तसाच ठेवलाय. बाळ मूठ घालील, चोखत बसेल."

ठकीनं हसून दुपटं गालाला लावलं. भाऊंनी ते तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. बायको खवळली, म्हातारचळ लागला की काय म्हणाली. मग भाऊ लेकीजवळ खाली बसले आणि एका दमात सगळं बोलून गेले. प्लेटा, पळी, मनगट, डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते, आणि खिडकीतली ती धूळ. बोलताना ते रडत होते. आडात तेच पोहऱ्यात, पण हा आड मीच नासवला, म्हणाले. हे दुपटं आत्ताच्या आत्ता टाकून देतो, म्हणाले.

ठकीनं पोटावर हात ठेवला.

"दुपटं टाकून द्याल, बाबा," ती म्हणाली. "मला कुठं टाकाल?"

उत्तराला ती थांबली नाही. डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तुम्हीच सांगा म्हणून भाऊंच्या हातात दिला. भाऊंचं मनगट कलंडलं, फोन मांडीवर पडला. ठकीनं तो उचलून बापाच्या कानाला धरून ठेवला. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं की ही शर्ट झटकायची गंमत किती दिवस चालली होती.

भाऊंनी लेकीकडे बघितलं.

"रोज," ते म्हणाले. "मोठी झाली तरी रोज. तिला फार आवडायचं."