तोंडावर विचारणारी केशरबाई

आमच्या गल्लीत केशरबाईच्या प्रश्नांना सगळेच वैतागलेले. मी जरा जास्तच, कारण माझं दार तिच्या दारासमोर. आमच्या चुडावा गावात नवा मास्तर आला की ही त्याला आधी पगार विचारणार, नव्या सुनेला मूल का होत नाही ते विचारणार. माझं पोट कशानं सुटलं, हे तर तिनं भर विहारात विचारलंय. उत्तर मिळेपर्यंत बाई जागची हलत नाही. किती वेळा सांगितलं, मावशी, काही गोष्टी विचारायच्या नसतात. ऐकेल तर शपथ!

यंदा बारावीचा निकाल लागला आणि शेजारच्या धम्मशीलाच्या पोरीचे, संघप्रियाचे दोन विषय राहिले. लगेच निघाली गल्ली भेटायला. आमच्याकडे ही एक खोडच आहे. नापास झालेल्याच्या घरी लोक मयताला बसावं तसे बसतात. बाया पदर तोंडाला लावून, पुरुष भिंतीला टेकून, मधूनच एखादा सुस्कारा. पोरगी कोपऱ्यात मान खाली घालून. तिच्यासमोर निकालाचं नाव काढू नका, असं धम्मशीलानं सगळ्यांना बजावलेलं. मग आलात कशाला? पण मीही गेलोच होतो.

तेवढ्यात केशरबाई आली, हातात पैंजण घेऊन. संघप्रियानं आपले आवडते पैंजण सकाळीच हिच्या नातीला देऊन टाकले होते. बाई थेट पोरीसमोर बसली.

"संघे, जीव की प्राण होते तुला हे. आज वाटून टाकायलीस. जिवाचं बरंवाईट करायचा इचार यायलाय का तुह्या मनात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मावशी, पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका!"

"भरवायले न्हाई. असंल तर बाहीर काढायले," ती म्हणाली आणि वाट बघत बसून राहिली.

संघप्रियानं मान वर केली. "हो, मावशी. लय दिवसांपासून यायलाय."

धम्मशीलाला हुंदका फुटला. "बरं केलंस, बोललीस," म्हणत केशरबाईनं पोरीला जवळ घेतलं आणि आमच्यावर उखडली, "मेलंय का कुनी हितं? उठा! आपापल्या घरी जा."

त्या दिवशी पोरीला क्षणभरही एकटं सोडलं नाही. त्यांच्या घरातलं फवारणीचं औषध माझ्याकडे कुलपात आलं. दुसऱ्या दिवशी धम्मशीला, केशरबाई आणि मी तिला घेऊन रेल्वेनं परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, निकाल हे निमित्त, पोरगी कधीची आतून खचली होती. आणि असं सरळ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगणाऱ्याचं ओझं हलकं होतं. झालं! बाईला आणखी चेव आला. तिनं डॉक्टरांनाही पगार विचारला.

औषधं चालू झाली, पोरगी जेवायला-बोलायला लागली. पण रोज सकाळी ओसरीवरून हाक, "संघे, आज आला का इचार?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी! पोरगीही तिकडून ओरडते, "आज न्हाई, मावशी!" अहो, जरा हळू! मी दार लावून घेतो.

परवा केशरबाई पूर्णेला लेकीकडे गेली. म्हटलं, चला, चार दिवस सुखाचे. चहा घेत होतो तर दारात संघप्रिया.

"काका, मावशी न्हाईत. आज तुमी इचारा."

मी? मी आजवर कुणाला पगारसुद्धा विचारलेला नाही. पण पोरगी उंबऱ्यावरून हलेना.

"आज... आला का गं विचार?"

"आलाय," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

मी कप खाली ठेवला. "ये, बैस. सांग."