ड्वेनचा गोळा, अर्लिसचं पेन

अर्लिस टोलेफसननं उभा जन्म आमच्या गावच्या शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर गॅरेजात कातकामाचं लेथ यंत्र बसवून शाईची पेनं करायला घेतली. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी बर्फाला भोक पाडून मासे धरतं, कुणी पितं. पेनांचा नाद मात्र नवीन होता. पहिलं पेन तिनं चर्चच्या पाद्रीबाबांना दिलं आणि त्या रविवारी त्यांनी निळ्या खिशानं प्रवचन केलं.

पुढं तिचा हात बसला. पण तिला माल लागायचा तो बोलिंगच्या, म्हणजे जमिनीवरून घरंगळत सोडून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळातल्या, जुन्या गोळ्यांचा. ते कडक रबराचे असतात आणि त्यांचं पेन हातात उबदार लागतं. लेथवर चढवले की मात्र नासक्या अंड्यांचा वास सुटतो. मी शेजारीच राहते. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा गॅस गळतोय म्हणून मीच बंबवाल्यांना बोलावलं होतं.

एकदा मार्चमध्ये बर्निता पिवोंका नवऱ्याचा गोळा टॉवेलात गुंडाळून घेऊन आली.

"आमच्या ड्वेनचा आहे. खांदा गेलाय त्याचा, डॉक्टरांनी खेळ बंद केलाय. गोळ्याकडे बघून झुरतो बिचारा. वाढदिवसाला याचं पेन करून दे. पण त्याला कळता कामा नये हं!"

अर्लिसनं गोळा करवतीखाली घातला.

दोन दिवसांनी दारात ड्वेन हजर. मी तिथंच कॉफी पीत होते.

"अर्लिस, माझा गोळा चोरीला गेला गं! तू जुने गोळे घेतेस म्हणून विचारतो, कुणी विकायला आणला होता का?"

"विकायला? छे, विकायला नाही," म्हणत अर्लिसनं टेबलावरच्या अर्ध्या गोळ्यावर ॲप्रन टाकला आणि त्याच्यावरच बसली. "पण तुझा तर खांदा गेलाय ना?"

ड्वेननं मागं वळून बघितलं. "उजवा गेलाय. मी डाव्यानं खेळायला शिकतोय. हात वळावा म्हणून चोरून लिहितोसुद्धा डाव्यानंच. बर्निताला सांगतो, व्यायामाला जातो. तिच्याजवळ बोललीस तर बघ!"

तो गेल्यावर अर्लिस कंबर चोळत उठली. "आता काय करू गं?"

"काय करणार? गोळा काय परत शिवता येतो?" मी म्हटलं.

वाढदिवस शुक्रवारी आला. दर शुक्रवारसारखं तळलेले मासे खायला सगळं गाव टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गावच्या बारमध्ये, जमलेलं. बर्नितानं डबी पुढं केली. काळंभोर, लाल रेघांचं, जाडजूड पेन. ड्वेननं ते अंगठ्यानं घासलं, हुंगलं, आणि त्याच्याच कुत्र्याची चप्पल करून दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"तुझाच गोळा!" बर्निता टाळ्या पिटत म्हणाली. "रडू येतंय ना?"

"येतंय," ड्वेन म्हणाला. ते खरंच होतं.

"मग लिही की काहीतरी!"

त्यानं ताटाखालच्या कागदावर सही केली. डाव्या हातानं.

बर्निताच्या टाळ्या थांबल्या. "तू डावरा कधी झालास?"

मासे गार होईपर्यंत दोघांची जुंपली.

"व्यायामाला जातो म्हणत होतास!"

"व्यायामच की तो! आणि तू माझा गोळा कापलास!"

"प्रेमानं कापला!"

यावर अख्खं टॅव्हर्न हसलं आणि शेवटी ती दोघंही हसली. नवीन गोळा घ्यायचा, पण खांद्यावर लक्ष ठेवायला बर्नितानं सोबत जायचं, असं ठरलं.

परतताना अर्लिस गाडीत फुगून बसली होती. "सगळे गोळ्याबद्दलच बोलले. पेन लिहितं कसं, एकानं विचारलं नाही."

सकाळी ड्वेन आला. "रागवू नकोस, पण पेन कागद खरवडतंय गं. मध्येच शाईही तुटते."

अर्लिसचा चेहरा उजळला. "कुठं? दाखव, दाखव!"

डावरा माणूस निब ओढत नाही, ढकलतो. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि निबचं टोक घासायला घेतलं. ड्वेन पानामागून पान भरत होता आणि ती म्हणत होती, "अजून एकदा लिही." मी केलेली कॉफी दोघांनीही गार होऊ दिली.