महमूदाखालांचे तीन डबे

महमूदाखाला डबे भरताना घरच्या माणसांची नावं घेत नसत. "ये शुगरवाला, ये गुस्सेवाला, ये बातांवाली," असं पुटपुटत त्या तीन पितळी डब्यांवरून पळी फिरवायच्या. शुगरवाला म्हणजे त्यांचे यजमान, आमचे चाचा. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गुस्सेवाला हा मुलगा इक्बाल, मोटारी दुरुस्त करायचा. बातांवाली म्हणजे मुलींच्या शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी शमीम. आठच्या आत तिघं डबे घेऊन बाहेर पडत आणि पाठोपाठ खालाही निघत, कारण त्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट.

चाचांच्या डब्यात नाचणीची भाकरी, मूठ-मूठ मेथी घातलेला कीमा आणि काकडी. तेल नावाला. चाचा कुरकुरले की खाला म्हणत, "बिर्यानी जुम्मे को. बाकी दिनां तुमे मेरे मरीज." इक्बालला मिरची कमी, कारण "तिखा तो वो पैदाइशी है." शमीमला सगळं रोटीत गुंडाळून. "इसका मूं खाली नै रहता, एक हात तो खाली रहना." मी विचारलं, एवढ्या धावपळीत प्रत्येकाचं वेगळं कशाला? तर म्हणाल्या, "डब्बा खोलते वखत मैं सामने नै रहती ना बेटी. जो बोलना सो अंदर भर को देती."

आम्ही मराठे. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आले, हे वडील फार अभिमानानं सांगत आणि सांगताना वाक्यात चार कन्नड शब्द घालत. मटण आमच्याकडेही शिजे, पण ते मार्केटच्या दुसऱ्या टोकाच्या आमच्या खाटकाकडून येई. खाला मात्र कोपऱ्यावरच्या रहमानभाईंखेरीज कुणाचं घेत नसत, कारण तिथलं हलाल असे. एकदा त्यांनी मला समजावलं होतं, "हलाल मतलब सिरफ छुरी नै. जानवर तंदुरुस्त होना, कमाई साफ होना, पकानेवाली का दिल बी साफ होना." मी मान डोलावली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि सगळं ऐकलं की सगळं कळलं असं मला वाटायचं.

त्या वर्षी खालांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि दहा-बारा दिवस त्यांना इस्पितळात राहावं लागलं. शमीम सकाळी त्यांच्यासाठी चहा, पेज घेऊन जायची आणि तशीच शाळेत. डब्यांची जबाबदारी माझ्या आईनं आपणहून घेतली. खालांनी आपली भांडी आमच्याकडे पाठवली आणि निरोप दिला, "अक्का के हात का खाना है, मैं बेफिकीर." कीमा आणायचं काम माझं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी गेले तर रहमानभाईंचं दुकान बंद. मला उशीर झालेला. पाय आपोआप मार्केटच्या दुसऱ्या टोकाला वळले, आमच्या नेहमीच्या खाटकाकडून अर्धा शेर कीमा घेतला आणि घरी आले. डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. आईनं मेथी घालून तो शिजवला, डबे भरले, तिघं घेऊन गेले.

नऊच्या सुमारास आई खालांचं पातेलं घासता घासता म्हणाली, "रहमानभाईंच्या मुलीचं आज लग्न. तरी तुला कीमा मिळाला, म्हणजे बिचाऱ्यांनी दुकान उघडलं."

माझ्या हातातला कंगवा तिथंच थांबला. मी काय केलंय ते सांगितलं. आई ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिनं पटापट भाकऱ्या थापल्या, दोडक्याची भाजी केली आणि तीन पुडकी माझ्या सायकलला अडकवली. "सरी," ती कन्नडात 'बरं' म्हणाली. "जा आता. छापखाना लांब आहे, पण चाचा इंजेक्शन घेऊन साडेदहाला जेवतात. आधी तिकडे. आणि कुणाला उपाशी ठेवायचं नाही."

कुणाला काही कळलं नसतं, हा विचार वाटेत दोनदा आला. खोटं कशाला सांगू? सायकलचा वेगसुद्धा कमी झाला होता.

मी पोचले तेव्हा चाचांचा डबा अर्धा झाला होता. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, उठून नळावर चूळ भरली, दोनदा, तीनदा. मग येऊन आईच्या भाकरीचं पुडकं सोडलं. "अंजाने में हुआ," एवढंच म्हणाले. खालांना तुम्ही सांगाल का, असं विचारलं तर मान हलवली. "नै बेटी. तुमारी बात है, तुमे बोलो." शमीम आणि इक्बालचे डबे मी वेळेत परत घेतले. गुस्सेवाला माझ्यावर तोंडभर ओरडला, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

चार वाजता इस्पितळात गेले. सगळं ऐकून खालांचा पहिला प्रश्न, "उनो भूके तो नै रहे?"

नाही म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तशाच म्हणाल्या, "बुरा लगा. झूट कैकू बोलूं? अल्लाह माफ करनेवाला है, पर मेरेकू बुरा लगा."

मला रडू आवरेना. हुंदके देत मी म्हटलं, "उद्यापासून मी फक्त भाजी आणीन खाला. मटणाचं आई बघेल."

त्या कूस बदलून माझ्याकडे वळल्या. टाके दुखले असणार, कपाळाला आठ्या पडल्या. "नक्को," म्हणाल्या. "कल कीमाच पकना. और तूच लाना. अक्काकू भेजी तो मैं डब्बा वापस करतूं."

दुसऱ्या दिवशी सहाला मी रहमानभाईंच्या दुकानासमोर उभी होते, फळ्या उघडायच्या आधी. संध्याकाळी चाचांनी घासलेला रिकामा डबा आमच्या ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाले, "अक्का, आज नमक स्वल्प कम था."

पुढे मी नोकरी केली, संसार केला, हाताखाली माणसं आली आणि त्यांच्या हातून चुकाही झाल्या. चुकलेलं काम मी त्याच माणसाकडे परत देते. लोकांना हा माझा हट्ट वाटतो. खाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांचे आभार मानायला मी कधी धजले नाही, म्हणून इथे मानते. त्या दिवशी त्यांनी "बरं, तू भाजी आण" म्हटलं असतं, तर मी जन्मभर भाजीच आणत राहिले असते.