तीन बोटं कातडं

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात कुणाचा पहिला शब्द मान्य केला नाही. ते वालूरचे, जनावरांच्या बाजारातले दलाल. रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवायची सवय हाताला इतकी लागलेली, की लग्नाचा मुहूर्तसुद्धा ते भटजींशी घासाघीस करून अलीकडे ओढत. पंगतीत वाढपी दोन जिलब्या वाढायला लागला की हे चार म्हणत आणि तिनावर येत. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा डॉक्टरांची तीन इंजेक्शनं त्यांनी दोनावर आणली. पोरगी बरी झाली आणि मामांचा औषधोपचारातला आत्मविश्वास वाढला.

त्यामुळे खांद्यावर गाठ आली तेव्हा परभणीच्या डॉक्टरांचं काही चाललं नाही. "गाठ तेवढी काढा, बाजूचं कातडं चांगलं हाय," असा सौदा पटवून मामा छोटीशी जखम गावभर दाखवत हिंडले. वर्षाच्या आत गाठ त्याच जागी परत आली, आधीपेक्षा मोठी.

मग मी त्यांना आणि मामींना औरंगाबादला सर्जनांकडे नेलं. ते म्हणाले, कातडीची ही गाठ क्वचितच दिसते. वाढते सावकाश, पण दिसते त्याहून लांब पसरलेली असते. चहूबाजूंनी तीन बोटं चांगलं कातडं काढावं लागेल, आणि मांडीचं कातडं तिथं लावावं लागेल. मामांनी रुमाल काढून सर्जनांच्या हातावर टाकला आणि आत त्यांचं एकच बोट धरलं. बिचारे सर्जन माझ्याकडे बघायला लागले.

"बरं, दोनावर या, डॉक्टरसाब. माझ्याच अंगाचं कातडं हाय."

"मामा, मागच्या वेळी सौदा तुम्हीच जिंकलात," मी म्हणालो. "म्हणून तर ती परत आली."

मामांनी रुमाल परत खिशात घातला. इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या, "चार घ्या, डॉक्टरसाब. माणूस तेवढा ठिवा."

ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासून आल्या. एकाही कडेला गाठीचा अंश नव्हता. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मामी तिथंच दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता च्या पाजा कुनीतरी."

पुढं दर हिवाळ्यात आम्ही तिघं तपासणीला जायचो. जाताना कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे, येताना मामींच्या दशम्या पुरत नसत. शेवटी एका वर्षी सर्जन म्हणाले, "आता यायची गरज नाही." याहून चांगली बातमी कोणती? तरी परतीच्या गाडीत कुणाला फार बोलवेना. उतरायचं सेलू स्टेशन जवळ आलं तशा मामी म्हणाल्या, "पुढच्या साली दशम्या जरा जास्तीच्या..." आणि मधेच थांबून खिडकीबाहेर बघायला लागल्या.